अब्बांचं सिंगापूर, अम्मीचं सिंगापूर

आमच्या घरात पासपोर्ट दोनच कामांसाठी काढला जायचा. एक नोकरी आणि दुसरं हज. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. गावातला निम्मा पुरुषवर्ग जहाजावर नाहीतर आखातात. ‘परदेश’ हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकला, पण त्याच्यामागे ‘बघायला’ हे क्रियापद कधी आलं नाही. परदेशी लोक कमवायला जातात, आणि अल्लाहने बोलावलं तर मक्का-मदिनेला जातात. फिरायला माथेरान आहे की!

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जाऊन म्हटलं, “अम्मी-अब्बा, चार दिवस सिंगापूरला जाऊ या,” तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत राहिले. अब्बा म्हणाले, “मी बघितलंय सिंगापूर.” अम्मी म्हणाली, “मला काय करायचंय तिथे?”

दोन्ही उत्तरं खरी नव्हती, हे मला नंतर कळलं.

अब्बा १९७४ साली जहाजावर लागले, डेकवर खलाशी म्हणून. २००१ साली उतरले तेव्हा सारंग होते. सत्तावीस वर्षांत सिंगापूर किती वेळा लागलं, त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. मालवाहू जहाजासाठी सिंगापूर म्हणजे रस्त्यावरचा नाका. पूर्वेकडे जा नाहीतर पश्चिमेकडे, तिथे थांबावंच लागतं. तेल घ्यायचं, पाणी घ्यायचं, माल चढवायचा-उतरवायचा आणि निघायचं.

आणि अम्मीचं सिंगापूर म्हणजे एक लोखंडी पेटी. त्या पेटीतून टायगर बाम आला, टॉर्च आला, फुलाफुलांची नायलॉनची साडी आली, लाल थर्मास आला. गावात कुणाच्या घरी पाहुणे आले की तो थर्मास मागून नेला जायचा. मी शाळेत जायला लागेपर्यंत सिंगापूर हे एखाद्या दुकानाचं नाव आहे अशीच माझी समजूत होती.

“आधी उमराह करा”

बेत ठरायच्या आधीच गावात बातमी पसरली. एका फुफीने सरळ विचारलं, “एवढा पैसा आहे तर उमराह करून आणा ना आई-बापाला. सिंगापूरला काय पुण्य आहे?” प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्यात हा हिशेब असाच होतो. अम्मी-अब्बांचं हज २०११ साली झालं आहे, अल्हमदुलिल्लाह. तरी मौजेसाठी खर्च करायचा म्हटलं की कुठेतरी अपराधी वाटतं. जणू प्रवासाला कष्टाचं किंवा इबादतीचं कारण असल्याशिवाय तो जायज होत नाही.

मी फुफीला एवढंच म्हटलं की जमिनीवर फिरा आणि बघा, असं कुरआनात एकदा नाही, अनेकदा सांगितलं आहे. ती म्हणाली, “ते इब्रत घ्यायला सांगितलंय, मॉल बघायला नाही.” तिचंही बरोबर होतं. मी गप्प बसले. पण तो ‘इब्रत’ शब्द डोक्यात राहिला.

खरा पेच घरातच होता. अम्मी रोज नवं कारण काढायची. गुडघे दुखतात, कोंबड्यांना कोण बघणार, खाणं हलाल मिळेल का. एका रात्री जेवताना माझ्या तोंडून निघालं, “अगं, अब्बांनी बघितलं, तू पण बघ की.” त्यावर ती जे बोलली ते मी आमच्या कोकणीतून इथे साध्या मराठीत लिहिते. “त्यांनी सिंगापूर बघितलं, जपान बघितलं, लंडन बघितलं. मी त्यांचे आई-बाप बघितले, तीन पोरं बघितली आणि पावसात गळणारं घर बघितलं. आता सहासष्टाव्या वर्षी मला काय दाखवतेस?”

अब्बा बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिले. मग म्हणाले, “मी कुठे बघितलं?”

लाल दिव्याचा धक्का

त्या रात्री अब्बांनी पहिल्यांदाच सांगितलं. जहाज बहुतेक वेळा बाहेर समुद्रातच नांगर टाकून उभं राहायचं. काम संपलं आणि शोअर पास मिळाला, तर चार-पाच तासांसाठी लाँचमधून किनाऱ्यावर जायचं. लाँच लागायची क्लिफर्ड पियरला. चिनी लोक त्याला लाल दिव्याचा धक्का म्हणत. धक्क्यावरून रस्ता ओलांडला की चेंज ॲली नावाची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, हिंदीसुद्धा बोलणारे दुकानदार. तिथे घासाघीस करून थर्मास, साडी, बाम घ्यायचा आणि शेवटची लाँच सुटायच्या आत परत यायचं. धक्का ते गल्ली, गल्ली ते धक्का. “दोनशे-तीनशे पावलं असतील,” अब्बा म्हणाले. “तेच माझं सिंगापूर.”

“आणि पुढे नाही गेलात?” अम्मीने विचारलं.

“एकदा गेलो.”

१९८३ सालची गोष्ट. दादी वारली तेव्हा अब्बांचं जहाज सिंगापूरच्या बाहेर उभं होतं. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसकडून निरोप जहाजाच्या रेडिओवर आला. अधिकाऱ्याने कागद हातात दिला तेव्हा इकडे मिट्टी होऊन चार दिवस झाले होते. परत येण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी शोअर पास मिळाला. बरोबरचे लोक बाजारात गेले, अब्बा नुसतेच चालत सुटले. एका रस्त्यावर चिनी देवळाजवळ त्यांना छोटा दर्गा दिसला. आत तमिळ मुसलमान बसले होते. अब्बांना तमिळ येत नव्हतं, त्यांना हिंदी येत नव्हतं. अब्बांनी बोटाने आभाळ दाखवलं आणि ‘अम्मा’ म्हटलं. त्या लोकांनी हात उचलले आणि सगळ्यांनी मिळून फातिहा पढली.

बेचाळीस वर्षांत हे त्यांनी अम्मीला सांगितलं नव्हतं. तिने विचारलं, “पत्रात का नाही लिहिलंत?” अब्बा म्हणाले, “तू इकडे तिला नहलवलंस, कफन घातलंस. मी काय लिहिणार होतो?”

कुणी काही बोललं नाही. अम्मी उठली आणि भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिने मला विचारलं, “तिकीट काढायला माझा पासपोर्ट लागेल ना?”

तो दर्गा सापडला

अब्बांना नाव आठवत नव्हतं, रस्ता आठवत नव्हता. खुणा दोनच. चिनी देऊळ जवळ होतं, आणि दर्ग्याच्या मिनारांवर इवल्या इवल्या कमानी कोरलेल्या होत्या, खालपासून वरपर्यंत. मी मोबाइलवर शोधायला बसले. क्लिफर्ड पियरपासून चालत जाता येईल असा दर्गा एकच निघाला, तेलोक आयर स्ट्रीटवरचा नागोर दर्गा. फोटो पुढे केला. अब्बांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “हाच. पण रंग असा नव्हता.”

तमिळनाडूतल्या नागोरच्या शाहुल हमीद या वलींच्या आठवणीत हा दर्गा तिथल्या तमिळ मुसलमानांनी १८२८ ते १८३० च्या दरम्यान बांधला. वलींची मजार नागोरलाच आहे, इथे फक्त त्यांची याद. आज ते भारतीय मुस्लिम वारसा केंद्र आहे. ज्या चिनी देवळाची खूण अब्बांनी सांगितली ते थियान होक केंग, समुद्राची देवी माझू हिचं, १८३९ ते १८४२ मध्ये बांधलेलं. दोन्ही एकाच रस्त्यावर का? कारण तेव्हा हा रस्ता म्हणजे समुद्रकिनारा होता. भर घालून समुद्र मागे ढकलला गेला तो नंतर. वादळातून वाचून आलेला माणूस किनाऱ्यावर पाय ठेवायचा आणि पहिल्यांदा शुक्र अदा करायचा. चिनी खलाशी देवळात, तमिळ खलाशी दर्ग्यात. त्याच रांगेत दीडशे वर्षांनी एक कोकणी खलाशी येऊन उभा राहिला, फक्त त्याला हे माहीत नव्हतं.

फुफी म्हणाली ती इब्रत हीच असावी. तिला अजून सांगितलेलं नाही. आल्यावर सांगेन.

वेळापत्रकाची काटछाट

मी शिक्षिका. हातात कागद आला की तक्ता तयार होतो. माझ्या पहिल्या तक्त्यात चार दिवसांत सतरा ठिकाणं होती. नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला, “हे तुझ्या आई-वडिलांसाठी आहे की आठवीच्या सहलीसाठी?” मग मी रोप-वे, रात्रीची जंगल सफारी, चित्रपटांचा थीम पार्क असं एकेक खोडत गेले. उरलं ते इथे देते, कारण आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

तारीख आधी ठरवावी लागली. यंदा १७ फेब्रुवारीला चिनी नववर्ष आणि लगेच रमजान. नववर्षाच्या आसपास हॉटेलं महाग होतात, दुकानं बंद असतात. डिसेंबर-जानेवारीत तिथे पाऊस जास्त. म्हणून २ ते ५ फेब्रुवारी. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे, त्यामुळे हिवाळा-उन्हाळा असा भेद नाही. बारा महिने आपल्या मे महिन्यासारखा घाम आणि कधीही कोसळणारी सर. अम्मीला म्हटलं, “मृग लागायच्या आधीचं कोकण समज.” ती म्हणाली, “मग स्वेटर कशाला भरलास?” (विमानासाठी आणि मॉलच्या एसीसाठी. भरलाच आहे.)

या हवेमुळे एक नियम केला. सकाळी उघड्यावर, दुपारी जोहरनंतर हॉटेलवर आराम, संध्याकाळी पुन्हा बाहेर. तिथे जोहर वर्षभर एकच्या सुमारास आणि मगरिब सातच्या सुमारास होते, मिनिटांचाच काय तो फरक. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

पहिला दिवस, सोमवार. रात्रीच्या विमानाने सकाळी पोहोचायचं आणि झोपायचं. संध्याकाळी कांपोंग ग्लाम, म्हणजे जुनी मलय-अरब वस्ती, आणि सुलतान मशीद. आताची इमारत १९३२ साली पूर्ण झाली. तिच्या सोनेरी घुमटाखाली काळा पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते अशा गरीब मुसलमानांनी बाटल्या दिल्या, म्हणजे मशीद त्यांचीही झाली. हे ऐकून अम्मी म्हणाली, “मला आधी तो पट्टा दाखव.” तिला आणखी एक गोष्ट सांगितली. तिथे मशिदीत बायकांसाठी नमाजची जागा असते आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. अम्मीने हजला हरममध्ये नमाज पढली, पण आमच्या गावच्या मशिदीत ती कधी आत गेलेली नाही. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली आणि घरापासून मशीद शंभर पावलांवर आहे. तिने हे ऐकून काही म्हटलं नाही. दोन दिवसांनी म्हणाली, “मगरिबच्या आधी पोहोचू ना आपण?”

दुसरा दिवस. सकाळी लवकर तेलोक आयर स्ट्रीट. आधी दर्गा, मग अब्बांना वाटेल तेवढा वेळ. मी पुढचं काही लिहून ठेवलेलं नाही. जमलं तर जवळच साउथ ब्रिज रोडवर जामे चुलिया मशीद आणि तिच्याच शेजारचं मरिअम्मनचं देऊळ. संध्याकाळी मरीना बे.

मरीना बेचा नकाशा अब्बांना दाखवताना मोठी गंमत झाली. क्लिफर्ड पियर २००६ साली बंद झाला, आता तिथे हॉटेलचं रेस्टॉरंट आहे. जुनी चेंज ॲली १९८९ सालीच गेली. अब्बांची लाँच ज्या पाण्यातून यायची त्याच्या पलीकडे भर घालून जमीन झाली, त्यावर उंच हॉटेलं आणि बागा उभ्या राहिल्या. आत उरलेल्या पाण्याला २००८ साली बांध घातला आणि त्याचा गोड्या पाण्याचा तलाव केला. अब्बा म्हणाले, “समुद्र गोडा केला?” मी हो म्हटलं. ते बराच वेळ नकाशाकडे बघत होते. मग अम्मीला म्हणाले, “तुझा थर्मास कुठून घेतला ते आता दाखवता नाही यायचं.” अम्मी म्हणाली, “थर्मास घरात आहे. गल्ली गेली तर गेली.”

तिसरा दिवस अम्मीचा. सकाळी बोटॅनिक गार्डन. १८५९ पासूनची बाग, २०१५ साली जागतिक वारसा ठरली, आत जायला पैसे लागत नाहीत. आमच्या परसात जायफळ आहे, कोकम आहे, मिरीचे वेल आहेत. जायफळासाठी ज्या समुद्रात लढाया झाल्या तो हाच भाग, आणि तिकडचं मँगोस्टीन हे आपल्या रातांब्याचं भावंड. अम्मीने लगेच विचारलं, “त्याची सालं वाळवतात का?” तिथे विचारू. दुपारी काचेच्या छताखालची थंडगार बाग आणि तिच्यातला धबधबा, कारण नातवंडांना फोटो हवा आहे.

चौथा दिवस. विमान रात्रीचं. विमानतळाच्या वाटेवर ईस्ट कोस्ट पार्क लागतं, समुद्राकाठी लांबलचक बाग. समोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. हे ठिकाण माझ्या तक्त्यात नव्हतं. अब्बांनी स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट. “बाकावर बसून जहाजं बघायची आहेत,” म्हणाले. “आम्ही तिथून दिवे बघायचो. त्या दिव्यांमध्ये काय असतं ते बघायचंय.”

काही कामाच्या गोष्टी

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटांमार्फत काढायचा असतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. आम्ही गेलो त्या ऑफिसातला मुलगा नावं वाचून म्हणाला, “तुमच्यांना कधीकधी वेळ लागतो.” मी घाबरले, जादा कागद जोडले. चौथ्या दिवशी तिघांचेही व्हिसे आले. अब्बांच्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी गावातल्या सगळ्या पोरांची तीच लिहिली. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे.

खाण्याची काळजी करू नका. ‘मुईस’ या तिथल्या इस्लामी परिषदेचं हलाल प्रमाणपत्र बघा. ‘नो पोर्क, नो लार्ड’ एवढीच पाटी असेल तर ते हलाल असेलच असं नाही, हा फरक लक्षात ठेवा. सुलतान मशिदीसमोर मुर्तबाक मिळतो, खिम्याने भरलेला जाड पराठा. १९०८ पासूनचं दुकान आहे तिथे.

तंबाखू चालत नाही. खायचा तंबाखू, गुटखा, खैनी सगळ्यावर बंदी आहे. अब्बांची चुन्याची डबी आणि अम्मीची मशेरी दोन्ही घरीच राहणार. बेत मोडायची खरी वेळ आली ती यावर! चार दिवस लवंग चघळायची असं शेवटी ठरलं.

आणि नमाज. आम्ही कोकणी शाफई, तिथले मलयही शाफई. मुंबई-पुण्याच्या बहुतेक मशिदींत फजरला कुनूत नसते, तिथे असेल. अरबी गलबतांनी जो रिवाज आमच्या किनाऱ्यावर आणला तोच पुढे मलयांच्या किनाऱ्यावर नेला. आमचा मुक्काम चार दिवसांच्या आतला, म्हणून कसरची सवलत आहे. अब्बा हसून म्हणाले, “माझी निम्मी जिंदगी कसरच पढण्यात गेली.” अम्मी म्हणाली, “मी पूर्ण पढले. यावेळी मीही कसर करेन.”

विमान रविवारी रात्री आहे. बॅगा दारात आहेत. कोंबड्या फुफीकडे गेल्या आहेत, आणि तिने टायगर बाम आणायला सांगितला आहे.